सोतेर्नची अर्धी बाटली

अंतराला वास यायचा बंद झाला त्याला त्या मंगळवारी दहा आठवडे झाले होते, आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिची परीक्षा होती. ती परीक्षा नाकानेच द्यायची होती. पास झाली तर तिची नोकरी राहणार, नाही तर हॉटेलवाले तिला रिसेप्शनवर उभी करणार. आता कोणी म्हणेल, रिसेप्शन काय वाईट आहे? वर्षभरापूर्वी मीही तेच म्हणत होते. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

अंतरा आमची एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची. रास अल खैमाच्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात ती सोमेलिए आहे. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो खायचा पदार्थ वाटला होता. सोमेलिए म्हणजे जेवायला आलेल्या माणसाला कशाबरोबर कुठली वाइन चांगली लागेल ते सांगणारी व्यक्ती. बाटली उघडायची, आधी आपण वास घ्यायचा, बिघडलेली असेल तर बाजूला काढायची आणि मगच ग्लास भरायचा. यासाठी लोक जाड जाड पुस्तकं पाठ करतात, परीक्षा देतात. माझ्या मुलीने अशा दोन परीक्षा दिल्या आणि मला एकीचाही पत्ता लागू दिला नाही.

मला तिने सांगितलं होतं, "गेस्ट रिलेशन्स, आई." आम्ही राहतो त्या अख्ख्या अल कुसैस वस्तीला मी तेच सांगत फिरले. मग गेल्या मार्चमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरच्या शुभ्राने, जिला दुसऱ्यांच्या मुलांची फार काळजी, आपला फोन माझ्यापुढे धरला. हॉटेलने टाकलेला फोटो. काळा एप्रन, कोटावर द्राक्षाच्या घोसाची सोनेरी पिन, हातात बाटली आणि चेहऱ्यावर असं हसू की मुंज झालेला मुलगाही एवढा मिरवत नसेल. "पिन किती क्यूट आहे ना?" शुभ्रा म्हणाली. ती पिन मी स्वतःच्या हाताने दोनदा काढून कोट धुवायला टाकला होता. मला वाटलं, फॅशन असेल.

त्या दिवशी फोनवर मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ती शांतपणे म्हणाली, "आई, मी दारू विकत नाही, मी वास घेते." मी म्हणाले, वास घ्यायचा तर घरी ये, आमटीचा घे. तिने फोन ठेवला. मग मी देवघरापुढे बसले आणि तावातावाने नवस बोलले. आई अंबाबाई, पोरीचं हे काम सुटू दे, सुटेपर्यंत मी गोडाला हात लावणार नाही.

हे कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मी होळीला पोळी खाल्ली नाही, गणपतीत मोदक वळले पण तोंडात टाकला नाही, दिवाळीत लाडवांचं ताट पुढे आलं की डोकं दुखतंय म्हणून उठले. शैलेंद्रनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला मधुमेह झाला असा निष्कर्ष काढून तीन वेळा लॅबमध्ये नेलं. तिन्ही रिपोर्ट स्वच्छ आले. त्यांचा मात्र लॅबवरचा विश्वास उडाला.

आणि डिसेंबरात अंतरा घरी आली असताना तिला ताप आला. साधाच, चार दिवसांचा. पाचव्या दिवशी ती उठली, कॉफी केली आणि कप नाकाशी धरून तशीच उभी राहिली. मग साबण हुंगला. मग व्हिक्सची डबी. मग माझ्या स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडत सुटली, आणि शेवटी हिंगाच्या डबीत नाक घालून रडायला लागली.

डॉक्टर सायरा म्हणून एक चांगली बाई आहे, नाक-घसा बघणारी. ती म्हणाली, व्हायरसने होतं असं, बहुतेकांचं परत येतं. कधी? इन्शाल्ला, दोन महिने, सहा महिने, वर्ष. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, एकेकाचा वीस वीस सेकंद वास घ्यायचा. व्यायाम म्हणून. अंतराने तो असा केला की तालमीतल्या पहिलवानाने शिकावं. काही उपयोग झाला नाही.

जानेवारीत तिने आठ जणांच्या टेबलाला बिघडलेली बाटली वाढली. बुचामुळे कधी कधी वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास लागतो म्हणे. पाहुण्याला आला, तिला आला नाही. तिचा वरिष्ठ लूक, फ्रेंच माणूस, तो तिच्यावर ओरडला नाही. बाजूला घेऊन विचारलं, आणि तिने खरं सांगितलं. त्याने महिनाभर तिला हिशोबात आणि तळघरातल्या बाटल्या लावण्यात सांभाळून घेतलं. पण वरून विचारणा झाली तेव्हा त्याचाही इलाज चालेना. गुरुवारी चार ग्लास मांडणार, त्यातला एक बिघडलेला. तो ओळखला तर ठीक. नाही तर एक मार्चपासून फ्रंट डेस्क.

कोट, हसू आणि "वेलकम सर." मी देवीकडे जे मागितलं होतं ते मिळत होतं, शब्दशः. शैलेंद्र एसीच्या डक्टचं काँट्रॅक्ट करतात तेव्हा वीस पानं लिहितात, कुठल्या परिस्थितीत काय होईल ते एकेक कलम घालून. मी मात्र "काम सुटू दे" एवढ्यावर उरकलं. कसं सुटू दे, काय घेऊन सुटू दे, काही बोलले नाही. दहा आठवडे मी हा विचार कोणाला सांगितला नव्हता, आणि नवस पुरा व्हायचा दिवस जवळ आला तशी मला धडकी भरत होती.

कारण त्या मुलीला ते नाक माझ्याकडून मिळालं होतं. शैलेंद्रना पेट्रोल आणि अत्तर यांतला फरक कळतो, त्यापुढे काही नाही. माझं नाक नैवेद्याने घडवलं. देवाला दाखवायच्या आधी पदार्थ चाखायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक मी इथे वाळवंटात येऊनही मोडला नाही. गणपतीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे साठ माणसं जेवतात. साठ माणसांची आमटी, मसालेभात, अळूची भाजी मी जिभेला बोटही न लावता करते. मीठ कमी पडलं तर वासावर कळतं. मिठाला वास नसतो असं सांगणाऱ्यांनी माझ्याशी वाद घालू नये. मिठाला नसेल, उकळत्या आमटीला असतो, आणि मीठ कमी असलं की तो पाणचट येतो. अंतरा पाच वर्षांची असताना ओट्याजवळ उभी राहून सांगायची, "आई, गूळ राहिला." तेव्हा मला किती कौतुक वाटायचं.

तर तो मंगळवार. अंतरा दोन दिवसांची सुट्टी घेऊन घरी आली होती. शैलेंद्र दुपारी जेवायला घरी आले होते. जेवणं झाली, मी ओटा आवरला, आणि ती तिच्या खोलीतून एक छोटी बाटली आणि लांब दांड्याचा एक ग्लास घेऊन आली. बाटली नेहमीच्या निम्म्या आकाराची, आतलं पेय समईच्या तेलाच्या रंगाचं.

"ही काय भानगड?" मी म्हणाले.

"सोतेर्न. फ्रान्सची गोड वाइन. घाबरू नकोस, इथल्याच दुकानातून लायसन्सवर घेतलीय." तिने ती टेबलावर ठेवली. "हिचा वास सगळ्यांत लाउड असतो, आई. हिचा नाही आला, तर गुरुवारी कशाचाच येणार नाही. मला आजच कळून घ्यायचंय."

"केवढ्याला?" शैलेंद्रनी विचारलं.

"दोनशे दहा."

"दोनशे दहा दिऱ्हम! म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये! एवढ्याशा बाटलीला?"

"बाबा, ती बनते कशी ते बघ." तिने फोन पुढे केला. फोटोत एक द्राक्षाचा घोस होता. अर्धी द्राक्षं सुरकुतून जांभळट पडलेली, त्यांच्यावर राखेसारखी करडी लव.

"अगं, ही तर कुजली आहेत," मी म्हणाले. "असली द्राक्षं आली असती तर मी दुकानदाराच्या डोक्यावर घालून आले असते."

"तीच पाहिजेत. ती बुरशी मुद्दाम येऊ देतात. नोबल रॉट म्हणतात तिला."

"कुजण्यात कसलं आलंय खानदान?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग तिने सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा त्या फोटोतल्यासारखा झाला, शुभ्राने दाखवला होता त्या. सकाळी तिथे नदीवरून धुकं येतं, त्या ओलीने बुरशी धरते. दुपारी ऊन पडतं म्हणून ती सडत नाही. बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर मागे राहते. धुकं जास्त झालं तर नुसता चिखल, आणि मध्येच पाऊस आला तर खलास, वर्ष वाया. माणसं मळ्यात पाच-सहा फेऱ्या मारतात आणि दर वेळी जेवढी नीट सुरकुतली असतील तेवढीच द्राक्षं हाताने टिपून घेतात.

"म्हणजे तांदूळ निवडल्यासारखं," मी म्हणाले.

"एक्झॅक्टली, आई."

तिने बूच काढलं. ग्लासात दोन बोटं ओतली. ग्लास गोल फिरवला, डोळे मिटले आणि नाक पार आत घातलं. छाती वर येईपर्यंत श्वास ओढला. पुन्हा ओढला. शैलेंद्रनी पंखा बंद केला, का ते त्यांनाच ठाऊक. तिसऱ्यांदा तिने इतक्या जोरात ओढला की तिला ठसका लागला.

"काही?" मी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. तिने ग्लास हळूच टेबलावर ठेवला, सांडू नये अशा बेताने, आणि फोन उचलला. "लूकला मेसेज करते. गुरुवारी येत नाही म्हणून. उगाच चार लोकांसमोर तमाशा कशाला? आय विल टेक द डेस्क."

तिचा अंगठा फोनवर चालायला लागला आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"पाठवू नकोस," मी म्हणाले. "माझ्यामुळे झालंय हे."

मग मी सगळं सांगितलं. नवस, गोड, अकरा महिने. सांगताना माझं मलाच ते किती बावळट वाटलं, पण थांबता येईना. शैलेंद्रांचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे ती शुगर..." ते म्हणाले. "मी तुला उपाशीपोटी तीनदा नेलं!" मी त्यांना हाताने गप्प केलं.

अंतरा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं हसेल. शिकलेली मुलगी आहे, म्हणेल, आई, काय हे.

"आई, हे व्हायरसने झालंय," ती म्हणाली. "देवीने नाही, तुझ्या लाडवांनीही नाही. आय नो दॅट. पण तू मागितलंस. अकरा महिने रोज गोडाला नाही म्हणताना तू एकच गोष्ट मागत होतीस, माझं हे जावं. मला जे येतं, जे फक्त मलाच येतं, ते."

ती उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शैलेंद्र थोडा वेळ टेबलावरचं पाण्याचं वर्तुळ पुसत बसले. मग म्हणाले, "छाया, तो नवस परत घेता येतो का?"

"परत कसा घेणार? दुकान आहे का ते?"

"मोडता तर येईल."

माणूस काँट्रॅक्टर, त्याला मोडण्यातलं कळतं. मी विचार केला. नवस गोडाचा. घरात श्रीखंड नव्हतं, पेढे नव्हते, मीच काही आणून देत नव्हते. साखरेचा डबा होता. पण एवढा मोठा नवस चमचाभर साखरेवर मोडायचा हे मला चोरट्यासारखं वाटलं. मोडायचाच तर देवीला दिसेल असा मोडावा. माझ्यासमोर ग्लास होता.

मी जन्मात दारू प्यायले नव्हते. अजूनही ती दारू होती असं मी म्हणत नाही. देवघराकडे तोंड करून उभी राहिले आणि मनात म्हणाले, आई, चुकलं, पोरीचं काम तिच्याकडे राहू दे, मी माझं बोलणं मागे घेते. आणि एक घोट घेतला.

आधी नुसती गोडी. अकरा महिन्यांनंतरची गोडी म्हणजे काय असते ते मी सांगू शकत नाही, कानशिलं गरम झाली. आणि मग मागून वास यायला लागले, एकामागून एक, पंगतीला पदार्थ येतात तसे.

"जर्दाळू," मी म्हणाले.

"काय?" शैलेंद्र म्हणाले.

"जर्दाळू. सुका, रात्रभर भिजवलेला. मध. मोसंबीच्या सालीचा मुरंबा, जरा कडवट. केशर आहे, थोडंसंच." मी दुसरा घोट घेतला. "आणि खाली काहीतरी आहे हो. तिखट नाही, पण उष्ण. आलं. आल्याचा पाक करताना पहिली उकळी येते ना, तो वास."

खोलीचं दार उघडलं. अंतरा दारात उभी होती, डोळे लाल.

"आलं म्हणालीस?"

"म्हणाले. का, चुकलं?"

"आई, लोकांना ते ओळखायला दोन-दोन वर्षं लागतात. पुस्तकात दिलंय, त्या बुरशीमुळे येतं ते." ती टेबलाशी आली. राग गेला नव्हता, पण तिच्या आतली सोमेलिए तिला ओढून बाहेर घेऊन आली होती. "अजून काय आहे?"

"आधी मला माफ कर, मग सांगते."

"आधी सांग."

मी सांगितलं. ती वहीत लिहीत गेली. बदाम, साल काढलेले. बेदाणे. ओल्या सुती पंच्याचा एक पुसटसा वास. ती मधून मधून "यस" म्हणे आणि मान हलवे. शैलेंद्र कामावर परत गेलेच नाहीत. साइटवरून इद्रीसचे, त्यांच्या फोरमनचे, चार फोन आले; चौथ्याला ते म्हणाले, "हबीबी, आज तू ही सम्हाल ले, घर में बहुत इंपॉर्टंट मीटिंग है."

माफ केल्याचं ती बोलली नाही. पण संध्याकाळी तिने माझ्यासाठी चहा केला आणि न विचारता त्यात साखर घातली.

बुधवारी सकाळी मी आमटी फोडणीला टाकली होती आणि ती ओट्याजवळ ग्लास घेऊन उभी होती. कालच्यासारखंच, नाक आत, श्वास जोरात. मी बघत होते आणि मला राग यायला लागला. चुकीचं काम समोर चाललेलं मला बघवत नाही.

"असा कुठे वास घेतात?" मी म्हणाले.

"आई, असाच घेतात. मी शिकलेय."

"तुम्ही टेबलावर घेता. मी साठ माणसांचा स्वयंपाक करते तेव्हा पातेल्यात डोकं घालते का? पातेल्यात डोकं घातलं की वाफेशिवाय काही मिळत नाही. ठेव तो ग्लास तिकडे. एक पाऊल मागे ये. तोंड जरासं उघडं ठेव. आणि श्वास घेऊ नकोस."

"श्वास घेऊ नको?"

"म्हणजे मुद्दाम घेऊ नकोस. नेहमीसारखा चालू दे. काहीतरी दुसरं काम कर, ही कोथिंबीर निवड. वासाच्या मागे धावू नये. त्याला येऊ द्यावं."

तिने डोळे फिरवले, पण ऐकलं. गेले दहा आठवडे ती प्रत्येक वासाच्या अंगावर धावून जात होती, वीस वीस सेकंद मोजून. आता ती कोथिंबीर निवडत उभी राहिली. मी फोडणी सारखी केली, झाकण ठेवलं, हात पुसले. नवसात माझं काय काय चुकलं ते सांगायला म्हणून तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पाचेक मिनिटं झाली असतील. मी बोलत होते, ती ऐकत नव्हती.

"आई, हलू नकोस," ती म्हणाली.

"काय झालं?"

"हात काढू नकोस. हिंग."

मी हात होता तिथेच ठेवला.

"तुझ्या हाताला हिंगाचा वास येतोय. लांबून येतोय, शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा. पण हिंगच आहे." तिने माझा हात धरला आणि तळवा नाकाशी नेला, ओढून नाही, हळूच. "हिंग आहे, आई. आणि त्याच्यामागे काहीतरी, मोहरी? गेली. गेली. आली परत."

मी रडले. मोठमोठ्याने रडले, लाज न बाळगता, आणि ती माझा हात सोडेना म्हणून मला डोळेही पुसता येईनात. माझ्या छातीवरचा दगड उतरला. दहा आठवडे मी त्या ओझ्याखाली जेवले, झोपले, शुभ्राशी बोलले, आणि ते एका क्षणात नाहीसं झालं. आत आंघोळीला गेलेले शैलेंद्र अर्ध्या साबणाने बाहेर आले. काय झालं ते कळल्यावर त्यांनी आपला दंड तिच्यापुढे केला. "याचा येतो का?"

"बाबा, यल्ला, आत जा."

"पण येतो का?"

"नाही," ती हसत म्हणाली. "तुझा नाही येत."

दिवसभरात वास आले आणि गेले. कॉफीला जळक्या टायरचा वास यायला लागला, आणि त्याचाही आम्ही उत्सव केला. डॉक्टर सायराला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, असंच होतं, वेडेवाकडे परत येतात, घाबरू नका. संध्याकाळी सोतेर्नच्या ग्लासाजवळ अंतराला एकदाच, क्षणभर, जर्दाळू सापडला. आल्याचा काही पत्ता नव्हता. चार ग्लासांतला एक बिघडलेला ओळखण्याइतकं हे पुरेल का, ते आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नव्हतं.

गुरुवारी आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. ती नको म्हणत होती. रास अल खैमाच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये, ताडाच्या अर्धवट सावलीत, गाडी बंद करून आम्ही बसलो. अकरा वाजून पाच मिनिटं, दहा मिनिटं. शैलेंद्र स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. मी पुन्हा रडत होते. "आता कशाला?" ते म्हणाले. मला तरी कुठे माहीत होतं? मी देवीकडे काहीच मागत नव्हते, तोंड आवळून बसले होते, न जाणो पुन्हा काहीतरी अर्धवट निघून जायचं.

अकरा पस्तीसला ती बाहेर आली. कोट तोच, पिन तीच. चेहऱ्यावरून काही समजेना. मागचं दार उघडून आत बसली आणि दार लावलं.

"काय?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"तिसरा ग्लास," ती म्हणाली. "मी एक पाऊल मागे उभी राहिले, आई. लूक म्हणाला, व्हॉट आर यू डुइंग? मी म्हणाले, वेटिंग. बाकीच्या तिन्हींतलं फारसं काही सांगता आलं नाही. पण तिसऱ्यातून पुठ्ठा आला. मी तिसरा म्हणाले, आणि तोच होता." तिचा आवाज फुटला. "मी राहतेय. तीन महिन्यांनी पुन्हा बघणार, पण मी राहतेय."

शैलेंद्रनी हॉर्नच वाजवला. सिक्युरिटीवाला वळून बघायला लागला. मी मागे वळून तिचे दोन्ही हात धरले आणि आम्ही दोघी हसतही होतो आणि रडतही होतो. तेवढ्यात तिने माझे हात सोडले आणि मान वर केली. तोंड जरासं उघडं.

"बाबा," ती म्हणाली, "गाडीत केळं आहे."

"कुठलं केळं? केळंबिळं काही नाही."

"आहे. जुनं. चार-पाच दिवसांचं."

शैलेंद्र उतरले. आपल्या सीटखाली वाकून चाचपलं, मग मागच्या. माझ्याच सीटखालून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. आत काळंठिक्कर पडलेलं, पाझरणारं एक केळं होतं.

"रविवारी साइटवर नेलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले.

सव्वा तास मी त्याच्यावर बसून आले होते. रडून रडून माझं नाक चोंदलं होतं हे खरं, पण ते मी त्या दोघांना सांगितलं नाही.

"मला नव्हता आला," मी म्हणाले.